होल्डवर ठेवलेले सात राजीनामे

कंपनीची बस तळवड्याच्या चौकात रोजच्यासारखी अडकली होती. पहिली शिफ्ट, त्यामुळे अर्ध्या बायका माना टाकून झोपलेल्या. मी खिडकीशी बसून डब्यात मीठ घातलं की नाही ते आठवत होते, तेवढ्यात शबानाचा फोन आला. शबाना म्हणजे मुमताजआपांची सून. ती कधी फोन करत नाही, मेसेज करते, तोही ईदच्या आदल्या दिवशी, शिरखुर्म्याला या म्हणून सांगायला. "रेखाताई, अम्मी गेल्या," ती म्हणाली, "पहाटे फजरच्या नमाजला उठल्या, वजूला हातपाय धुतले आणि बसल्या त्या बसल्याच राहिल्या..." मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला कुणी बरं म्हणतं का? पण माझ्या तोंडून तेच आलं, आणि मी फोन पर्समध्ये ठेवून पुन्हा मिठाचा विचार करायला लागले. बस महाळुंग्याच्या दिशेला वळल्यावर मग मी उठले, ड्रायव्हरला थांबवलं आणि रस्त्यातच उतरून चाकणची रिक्षा धरली.

चाकणला कांदा मार्केटच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खाली आपांच्या नवऱ्याचं गॅरेज, वर तीन खोल्या. गॅरेजचं शटर अर्धं ओढलेलं होतं. वर बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणी हळू आवाजात कुराण पढत होतं. मीही बसले. आपांचा चेहरा पाहिला तरी रडू आलं नाही. मग कुणीतरी पाणी मागितलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले आणि फळीवर बरण्यांची रांग दिसली. प्रत्येक बरणीला पिवळी चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली. 'लिंबाचं लोणचं. कारण: मुरायचं आहे. निर्णय: मुमताज.' तिथे मात्र माझा बांध फुटला. हातातला पाण्याचा तांब्या तसाच घेऊन मी फळीसमोर उभी राहिले, आणि शबानाने येऊन तो माझ्या हातातून काढून घेतला.

या पिवळ्या चिठ्ठीबद्दल सांगितल्याशिवाय आपांबद्दल काहीच सांगता येणार नाही. आम्ही काम करतो ती कंपनी गाड्यांचे हार्नेस बनवते. गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या सगळ्या वायरींचा टेप गुंडाळून बांधलेला जुडगा म्हणजे हार्नेस. लाइनवर जवळजवळ सगळ्या बायकाच. तयार झालेला जुडगा शेवटी एका तपासणीच्या बोर्डावर चढवतात. सगळ्या वायरी जागच्या जागी असल्या की हिरवा दिवा लागतो, नसल्या की बोर्ड कोकलायला लागतो. चांगला माल पुढे जातो, वाईट लाल पेटीत जातो. पण काही माल असा असतो की तो चांगला की वाईट, ते त्या घडीला सांगता येत नाही. त्याला पिवळी चिठ्ठी लावायची आणि बाजूच्या रॅकवर ठेवायचा. चिठ्ठीवर तारीख, काय वस्तू, कारण काय, निर्णय कुणी घ्यायचा, आणि खाली निर्णय घेणाऱ्याच्या सहीची जागा. याला म्हणतात होल्ड. होल्डवरचा माल सही झाल्याशिवाय पुढेही जात नाही आणि भंगारातही जात नाही. कंपनीने चिठ्ठीचा नमुना बदलला तेव्हा जुन्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा फेकून देणार होते. तो आपांनी विचारून घरी नेला आणि लोणच्यापासून पापडापर्यंत सगळ्यांना होल्डवर टाकलं. त्यांच्या नवऱ्याला, हनीफभाईंना, चिठ्ठी वाचल्याशिवाय घरात काही तोंडात टाकायची सोय नव्हती.

मी लग्न होऊन लातूरकडून रहाटणीला आले आणि मुलगी पाच वर्षांची झाल्यावर या कंपनीत लागले. आपा आमच्या लाइनच्या लीडर होत्या. ठेंगण्या, जाडसर भिंगाचा चष्मा, डोक्यावरच्या कंपनीच्या टोपीखाली ओढणी नीट खोचलेली. मूळच्याच चाकणच्या, त्यामुळे मराठी आमच्यापेक्षा अस्सल. मी पहिल्या आठवड्यात हिंदीत बोलायला लागले तर म्हणाल्या, "माझ्याशी कशाला हिंदी झाडतीस गं, मी काय परदेशातनं आलीये व्हय?" त्या दिवशी मी त्यांना घाबरले आणि त्याच दिवशी मला त्या आवडल्याही. काम शिकवताना त्या कधी हात लावायच्या नाहीत. समोर उभ्या राहायच्या आणि आपली चूक आपल्याला दिसेपर्यंत बघत राहायच्या.

माझा स्वभाव मुळात तापट. माहेरी त्याबद्दल माझी कीर्ती आहे. पण बाळंतपणानंतर, आणि नोकरी लागल्यावर जास्तच, तापटपणाच्या पलीकडचं काहीतरी व्हायला लागलं होतं. एक दिवस सकाळी उठायचं आणि सगळं मातकट झालेलं असायचं. काल ज्या मैत्रिणीबरोबर हसून डबा खाल्ला तिचा आवाज सहन व्हायचा नाही. मुलीने पाण्याचा पेला सांडला की मी असं काही बोलायचे, जे इथे लिहिताना आजही हात थांबतो. मग त्याच मुलीला पोटाशी धरून रडायचे. लाइनवर कनेक्टरमध्ये वायर उलटी बसायची, बोर्ड कोकलायचा आणि मला वाटायचं, हा बोर्ड अख्ख्या शेडला माझं नाव सांगतोय. असे आठ-नऊ दिवस जायचे आणि मग एका सकाळी कुणीतरी पडदा सारल्यासारखं सगळं स्वच्छ व्हायचं. संतोष, माझा नवरा, भोसरीला पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये आहे. तो गमतीने म्हणायचा, त्या दिवसांत घरातही हेल्मेट घालून फिरावं लागतं. गंमत खरी, पण बिचारा खरोखर घाबरलेला असायचा.

अशाच एका दिवशी मी वहीतलं पान फाडून राजीनामा लिहिला. 'घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे, तरी मंजूर व्हावा,' आणि खाली ठसठशीत तारीख. नियमाप्रमाणे तो लाइन लीडरकडे द्यायचा, मग तो वर जातो. आपांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "बघते." पाच-सहा दिवसांनी मन ताळ्यावर आलं तेव्हा मला शरमेने मेल्यासारखं झालं. घराचा हप्ता चालू, मुलीची शाळा, आणि मी बाई राजीनामा देऊन बसले. जाऊन चाचरत विचारलं, आपा, तो कागद... त्या म्हणाल्या, "कंचा कागद?" आणि टेपची रिळं मोजायला लागल्या.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा लिहिला. पुन्हा "बघते." पुन्हा "कंचा कागद?" तिसऱ्या वेळी मला वाटलं, या बाई फाडून टाकतात वाटतं. मध्ये संतोषने मला एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, पोटाची सोनोग्राफी झाली, हार्मोन्सही पाहिली. सगळं नॉर्मल. काही नाही हो, टेन्शन घेऊ नका, असं सांगून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. लोकांना रिपोर्ट नॉर्मल आला की पेढे वाटावेसे वाटतात. मी तो हातात घेऊन रिक्षात बसले आणि मला वाटलं, म्हणजे आजार नाहीच. म्हणजे मी बाईच अशी आहे. आजाराला औषध असतं, वाईट स्वभावाला काय असणार... त्या दिवसापासून मी संतोषशीही बोलायची बंद झाले.

सातवा राजीनामा मी दिला तेव्हा त्यात घरगुती अडचण नव्हती. त्यात मी लिहिलं होतं, 'मी कुठेच उपयोगाची नाही. इथेही नाही, घरीही नाही. माझ्यावाचून सगळ्यांचं नीट होईल.' लिहिताना मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं, इतकं ते खरं वाटत होतं. आपांनी तो वाचला. या वेळी त्या "बघते" म्हणाल्या नाहीत. शिफ्ट सुटली, मी बसमध्ये चढले, तर आपा माझ्यामागून चढल्या. त्यांचं घर चाकणला, पार उलट्या बाजूला. मी म्हणाले, आपा, ही रहाटणीची बस आहे. त्या माझ्या शेजारी बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मला काय वाचता येत न्हाई व्हय?" अख्ख्या रस्त्यात त्यांचा उजवा हात माझ्या मनगटावर होता.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या मुलीला, मुक्ताला, शेजारी खेळायला पाठवलं, संतोषला फोन करून बोलावून घेतलं आणि पर्समधून कागदांची गड्डी काढली. माझे सातही राजीनामे. प्रत्येकाला पिवळी चिठ्ठी टाचलेली. 'रेखा. कारण: माहीत नाही. निर्णय: मुमताज.' पलंगावर एका ओळीत मांडून त्या म्हणाल्या, आता कागद वाचू नका, नुसत्या तारखा वाचा. संतोष मोठ्याने वाचायला लागला. पहिल्या आणि दुसऱ्यात अठ्ठावीस दिवस. दुसऱ्या आणि तिसऱ्यात सत्तावीस. मग एकोणतीस... चौथ्या तारखेला त्याचा आवाज बदलला. आपांनी विचारलं, पाळी कधी येते गं तुला? मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आधीच्या सहाही राजीनाम्यांनंतर सहाव्या नाहीतर सातव्या दिवशी तिथे पेनाचा ठिपका होता.

"चूक रोज झाली तर ती बाईची," आपा म्हणाल्या, "पर चूक ठरल्या टायमाला हुती म्हंजी ती बाईची नसती. कुठंतरी काहीतरी येगळं हाय. ते सापडंस्तोवर तू होल्डवर. कुठं जायाचं न्हाई, काय ठरवायचं न्हाई." मी त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले. नवऱ्यासमोर, चप्पलही न काढता.

दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकून त्या मला चिंचवडला एका मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या. राजीनामे बरोबर होतेच. आजवर लोक डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना मी पाहिलेत, राजीनामे दाखवणारी आमचीच पहिली जोडी असावी. डॉक्टरबाईंनी ते सगळे शांतपणे पाहिले, सातवा दोनदा वाचला, आणि मला सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का. तोवर हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले, आणि ते बोलून गेल्यावर छातीवरचं अर्धं ओझं तिथेच उतरलं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला आठवतं तसं लिहिते, कारण ही गोष्ट मला शाळेत, माहेरी, सासरी कुणीही सांगितली नव्हती. त्या म्हणाल्या, हार्मोन म्हणजे नुसतं रक्तातून वाहणारं पाणी नाही. ते पेशीच्या आत शिरतं आणि तिथल्या जनुकांना हुकूम देतं. हे जनुक चालू कर, ते जरा मंद कर, ते बंद ठेव. जनुकं आईबापांकडून आलेली तीच असतात, पण कुठलं कधी आणि किती चालेल, हे बदलत राहतं. मेंदूच्या पेशींतही हे चालतं, म्हणून झोप, भीती, राग, उमेद या सगळ्याला त्याचा हात लागतो. दर महिन्याला बाईच्या अंगात ही हार्मोन्स चढतात आणि उतरतात. बऱ्याचजणींना त्याचं फार जाणवत नाही. काहीजणींच्या पेशी मात्र त्याच हार्मोनला, तेवढ्याच प्रमाणाला, वेगळं उत्तर देतात. म्हणून तुमचा रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तुमचा त्रासही खरा आहे, दोन्ही एकाच वेळी. हे असं नेमकं का होतं, याचं पुष्कळ अजून शोधायचं बाकी आहे, असंही त्यांनी कबूल केलं. आपा इतका वेळ चष्मा पुशीत ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हंजी वायर बी बरोबर, करंट बी बरोबर, पर हिचा बोर्ड जरा लवकर कोकलतो. असंच ना?" डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, हे मी आता इतर पेशंटनाही सांगणार.

डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हे पुष्कळदा घराण्यात असतं. परतताना मला आई आठवली. आई महिन्यातले काही दिवस चुलीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून बसायची. तिच्या अंगात येतं म्हणून सगळे तिच्यापासून लांब राहायचे, आम्ही मुलंसुद्धा. तिच्या पाठीला कुणी हात लावला असता तर... असो. मला गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने रोज वहीत मनाची नोंद ठेवायची होती, ती संतोषने ठेवली, कारण मी कंटाळा करायचे. गोळ्या लागू पडायला वेळ लागला, एकदा बदलाव्याही लागल्या. मी काही दुसरी बाई झाले नाही, आजही भाजीवाल्याशी भांडते. पण ते मातकट दिवस आटले, आणि जे येतात ते येणार हे मला आधी कळतं. सातही चिठ्ठ्यांवर आपांनी एका दिवशी सह्या केल्या. मी म्हणाले, आता तरी फाडा. त्या म्हणाल्या, रेकॉर्ड फाडत नसतात.

त्यांना हे सुचलं कसं, हे मी पुढे कितीतरी दिवसांनी विचारलं. त्यांनी जेवता जेवता, भाकरी मोडत सांगितलं. मुलगा झाला तेव्हा महिना-दोन महिने त्यांना त्याच्याकडे बघावंसं वाटायचं नाही. दूध पाजताना त्या भिंतीकडे बघायच्या. घरात कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, कुणी दोरा आणला, आणि नात्यातल्या मोठ्यांनी ठरवलं की हिला माहेरी धाडावी, मुलगा इथे ठेवावा. त्यांची सासू, जिला सही करता येत नव्हती, ती उंबऱ्यात आडवी बसली. "अब्बी कुछ नक्को ठैराव," एवढंच म्हणत राहिली. अजून काही ठरवू नका. चार महिने तिने कुणाला काही ठरवू दिलं नाही. चार महिन्यांनी आपा एका दुपारी मुलाला न्हाऊ घालताना हसल्या, आणि सासू उठून जागेवर गेली. "त्या म्हातारीनं मला होल्डवर ठिवलं हुतं," आपा म्हणाल्या, "कंपनीनं शिकवायच्या आधीच."

आता माझ्या चुकीकडे येते. हा लेख मी लिहायला बसले तो खरं म्हणजे त्यासाठीच. वर्षं गेली, मी लाइन लीडर झाले, मग आमच्या विभागाची शिफ्ट माझ्याकडे आली. आपा नव्या मुलींना शिकवायच्या विभागात गेल्या, म्हणजे कागदोपत्री माझ्या हाताखाली. पन्नाशीच्या अलीकडे त्यांच्यात फरक पडायला लागला. ऐन जानेवारीत पंख्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. वायरींचे रंग सांगताना मध्येच अडायच्या. ज्या बाईने कधी कुणाचा हात धरून चूक दाखवली नाही, ती मुलींवर खेकसायची. मी त्यांची थट्टा करायचे. आपा, आता तुमचंच मशीन गरम व्हायला लागलं, असं म्हणायचे आणि त्या हसायच्या. मग एक दिवस माझ्या टेबलाशी आल्या, वहीचं घडी घातलेलं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात. बास झालं आता. बघ तू."

मी काय केलं? मी वाचलं, उठून त्यांना मिठी मारली, म्हणाले, आपा, किती वर्षं राबलात, तुम्हाला आरामच हवा. आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत तो कागद सही करून वर पाठवून दिला. त्याच दिवशी. ज्या बाईने माझे सात कागद खिशात दाबून ठेवले, तिचा एक कागद मी दोन तास ठेवला नाही. वर सेंड-ऑफ असा केला की विचारू नका. केक, कुकर, डाळिंबी रंगाची साडी, सगळ्या लाइनचा फोटो. मीच भाषण केलं, आणि माझ्या राजीनाम्यांची गोष्ट हसत हसत सांगितली. फोटोत आपा हसताहेत, पण कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. त्या माझ्याकडे बघताहेत. त्या नजरेचा अर्थ लावायला मला चार महिने लागले.

चार महिने मी गेलेच नाही. शिफ्ट, मुक्ताची दहावी, नेहमीची कारणं. फोन करायचे, त्या "बरं हाय" म्हणायच्या आणि मी ते खरं धरून चालायचे. मग एका रविवारी मुक्ताला घेऊन चाकणला गेले. आपा स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, समोर निवडायला घेतलेली मेथी तशीच. त्यांचा चेहरा उतरला होता, पण वयाबरोबर उतरतोच, असं मी म्हणून टाकलं असतं. माझं लक्ष गेलं ते फळीवर. बरण्यांना एकही चिठ्ठी नव्हती. एका बरणीत लोणच्यावर बुरशीचा पांढरा थर चढला होता. मी विचारलं, आपा, चिठ्ठ्या कुठे गेल्या? त्या म्हणाल्या, "कशाला लावायच्या? कोण बघतंय." मी मुक्ताला बाहेर पाठवलं, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, पाळी कधीपासून मागेपुढे होतेय? झोप किती लागते? जिवाचं काही मनात येतं? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी मेथीची एक काडी उचलली, पाला खुडला आणि मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी त्यांना चिंचवडला त्याच डॉक्टरबाईंकडे नेलं. या वेळी मनगट त्यांचं होतं आणि हात माझा. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळी जायच्या आधी काही वर्षं ही हार्मोन्स सरळ उतरत नाहीत, हिंदकळतात. ज्या पेशींनी आयुष्यभर त्यांचे हुकूम ऐकले, त्यांना हुकूम कधी येतो, कधी येत नाही. बाळंतपणानंतर ज्यांना असा त्रास झाला होता, त्यांना या वयात पुन्हा होण्याचा धोका जरा जास्त असतो. मी ती गोष्ट जेवताना ऐकली होती. मला सगळं माहीत होतं. माझ्या टेबलाशी पंख्याखाली उभी राहिलेली बाई मला दिसत होती, मी फक्त तारखा वाचल्या नव्हत्या. बाहेर येऊन मी त्यांची माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "व्हतं गं. आपल्या मानसाचा बोर्ड आपल्याला आयकू येत न्हाई." आणि रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं दुकान दिसलं म्हणून मला ओढत घेऊन गेल्या.

त्यांना बरं वाटायला वर्ष लागलं. मग आमच्या कंपनीनेच त्यांना आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलींना शिकवायला बोलावलं. पहिल्याच दिवशी त्या मुलींना वायरींच्या आधी तारखांचं शिकवायच्या. बीडच्या, जालन्याच्या, कोकणातल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुली लाजून खाली बघायच्या, आणि आपा चष्म्यावरून म्हणायच्या, मशीनची वही ठिवता, मग सोताची ठिवायला काय जातं? त्यानंतरची सहा वर्षं त्या मजेत जगल्या. नातवाला घेऊन बाजारात हिंडल्या, माझ्या मुक्ताशी माझ्याविरुद्ध कट केले, हनीफभाईंना चिठ्ठ्यांनी छळलं. हृदयाचं काही आहे हे कुणाला कळलंच नाही.

आपांना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला मी गेले होते. जेवणं झाल्यावर शबानाने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, अम्मींनी सांगून ठेवलं होतं, हा रेखाचा. त्यात माझे सातही राजीनामे होते, चिठ्ठ्यांसकट, प्रत्येकीवर खाली त्यांची सही. आणि सगळ्यात तळाशी एक सुटी पिवळी चिठ्ठी, कुठल्याच कागदाला न टाचलेली. अक्षर वेडंवाकडं, पण त्यांचंच. तारीख सेंड-ऑफनंतरच्या नवव्या दिवसाची. 'मुमताज शेख. कारण: माहीत नाही. निर्णय: रेखा आल्यावर.'

मी आले ती चार महिन्यांनी. तोवर त्या बाईने स्वतःला होल्डवर ठेवलं होतं, माझ्या भरवशावर, आणि नंतरच्या सात वर्षांत मला एका शब्दाने कळू दिलं नाही.

ती चिठ्ठी आता कंपनीतल्या माझ्या लॉकरच्या दाराला आतून लावली आहे. सकाळी टोपी काढताना दिसते, शिफ्ट सुटताना दिसते. मागच्या आठवड्यात जालन्याच्या एका मुलीने माझ्या टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला. मी तो खिशात टाकला आणि म्हणाले, बघते. लॉकरमधल्या चिठ्ठीवर खाली सहीची जागा अजून कोरी आहे. ती सही मी करायची आहे, आणि केली की होल्ड उठतो, चिठ्ठी रेकॉर्डला जाते. पेन रोज खिशात असतं. पण या वेळी मला घाई नाही.